फ्लॅट स्कीमच्या गेटवर रोजच्या माणसांची अडवणूक थांबवायची कशी?

विदर्भात वरुडला जा, आर्वीला जा, वणी, पुसद किंवा ब्रह्मपुरीला जा. बसस्टँडवरून थोडं पुढे गेलं की फ्लॅट स्कीम लागतेच. काल-परवापर्यंत तिथे तूर आणि कपाशी होती. शेताचा लेआऊट पडला, लेआऊटवर चार मजले चढले. इमारतीसोबत गेट आलं, कॅमेरा आला, चौकीदार आला आणि नागपूर-पुण्याच्या नातेवाइकांकडे पाहिलेले नियमही जसेच्या तसे आले. नाव लिहा, फोन लिहा, वरून होकार येईपर्यंत थांबा. या नियमांचा सगळा भार धुणीभांडी करणाऱ्या बाया, दूधवाले, सिलिंडर आणणारे, कुलरचे मिस्त्री आणि पार्सल आणणारी पोरं यांच्यावर पडतो. पाहुणा कारमधून आला की गेट लगेच उघडतं.

गेट नको, असं मी म्हणत नाही. दागिने, एकटी राहणारी म्हातारी माणसं, पार्किंगमध्ये खेळणारी पोरं, सगळ्यांची काळजी रास्त आहे. पण गेटने अनोळखी माणसाकडे लक्ष द्यायचं असेल, तर ओळखीच्या माणसाला न थांबवता आत सोडावं लागेल. सकाळी 7 ते 10 या वेळात चौकीदार रोजच्याच बायांची नावं वहीत लिहीत बसतो, तेव्हा त्याची मान खाली असते. नको त्या माणसाला आत शिरायला याहून सोयीची वेळ नाही.

हा लेख सचिव, अध्यक्ष आणि ज्यांच्या घरी कोणीतरी कामाला येतं अशा सगळ्या सभासदांसाठी आहे. शेवटचा भाग कामाला येणाऱ्यांसाठी आहे. तो त्यांना वाचून दाखवा.

आधी गेटवर काय होतं ते लिहून काढा

नियम बदलण्याआधी आठवडाभर एक वही ठेवा. चार रकाने पुरे: वेळ, कोण आलं, किती मिनिटं थांबलं, का थांबलं. हे काम चौकीदाराला देऊ नका, सभासदांनी पाळीपाळीने करावं. सकाळचा एक तास, भर दुपारचा एक, संध्याकाळचा एक. वही हातात असली की सभेत "आमच्याकडे कोणालाच त्रास होत नाही" असं कोणी म्हणालं तर वाद घालत बसावं लागत नाही.

आमच्याकडची मे महिन्यातली एक नोंद सांगते. दुपारचे साडेबारा, पारा 45 च्या वर. कुलरचा मिस्त्री सायकलच्या कॅरिअरला नव्या ताट्या बांधून आला, हँडलला पंपाची पिशवी. तिसऱ्या मजल्यावरच्या आजींनी बोलावलं होतं. चौकीदाराने फोन लावला, उचलला नाही. परत लावला. चौकीवर सावली होती ती एका खुर्चीपुरती, मिस्त्री उन्हात उभा. "कुलर बंद हाय म्हणूनच तं बोलावलं ना मले," तो म्हणाला. चौकीदार म्हणाला, "मले समजते दादा, पण माह्यावर कॅमेरा हाय." वीस मिनिटांनी मिस्त्री पुढच्या गिऱ्हाइकाकडे निघून गेला. आजींचा फोन आतल्या खोलीत चार्जिंगला लावलेला होता. त्या दुपारी त्या कुलरविना बसल्या आणि मिस्त्री दुसऱ्या दिवशी आला.

नियम आजींच्या सुरक्षेसाठी होता आणि त्याचा त्रास आजींनाच झाला. अशा नोंदी तुमच्याही वहीत सापडतील. त्या सभेत वाचून दाखवा.

मिनिटांचा हिशेबही मांडा. पाच स्कीममध्ये कामं करणाऱ्या बाईला प्रत्येक गेटवर दहा मिनिटं थांबावं लागलं, तर दिवसाची पन्नास मिनिटं गेली. म्हणजे एका घरचं काम गेलं, किंवा गावाकडची एसटी चुकली आणि काळीपिवळीला जादा पैसे द्यावे लागले. ही मिनिटं तिला कोणी भरून देत नाही.

येणाऱ्यांचे गट पाडा

सगळ्यांना एकच नियम लावला की तो कोणालाच नीट बसत नाही. माझ्या मते चार गट पुरतात.

पहिला, रोजचे: धुणीभांडी, झाडूपोछा, स्वयंपाक करणाऱ्या बाया, म्हाताऱ्या माणसांची सेवा करणारे, दूधवाला, पेपरवाला, गाडी पुसणारा पोरगा. दुसरा, नेमाने येणारे पण रोज न येणारे: गॅस सिलिंडरवाला, पाण्याच्या कॅन आणणारा, पोस्टमन, कुरिअर, महावितरणचा माणूस, घंटागाडीवरचे कामगार, ठरलेली भाजीवाली. तिसरा, बोलावून आलेले: प्लंबर, इलेक्ट्रिशियन, कुलरचा मिस्त्री, सुतार, रंगारी. चौथा, ज्यांना कोणी ओळखत नाही आणि ज्यांनी कोणाचं नाव सांगितलं नाही असे.

चौकीदाराचा वेळ आणि चौकशी चौथ्या गटासाठी राखून ठेवायची. तिसऱ्या गटासाठी ज्याने बोलावलं त्याने चौकीवर आधी सांगून ठेवायचं: "आज दुपारी प्लंबर येईल, सोडा." सांगायला विसरला तर चौकीदाराने मिस्त्रीचं नाव आणि फ्लॅट नंबर लिहून घ्यावा, एक फोन लावावा, उचलला नाही तर स्वतः दारापर्यंत सोबत जावं किंवा शेजारच्या फ्लॅटला विचारावं. त्याला उन्हात उभं करू नये. दुसऱ्या गटाला गणवेश, ओळखपत्र किंवा हातातल्या सामानावरून ओळखता येतं. त्यांना कोणाकडे जाताय एवढं विचारलं की झालं. खरी मेहनत पहिल्या गटासाठी आहे.

रोजच्या माणसांची नोंद एकदाच, आणि मोजकीच

नोंदीत पुढची माहिती घ्या: नाव, गाव, फोन नंबर, एक फोटो, कोणकोणत्या फ्लॅटमध्ये काम आहे, आणि अडचण आली तर कोणाला फोन करायचा. बस. ही नोंद बाईने एकटीने चौकीवर जाऊन करायची नाही. ज्या घरी ती काम करते त्या घरातल्या कोणीतरी सोबत जाऊन, "या आमच्याकडे कामाला आहेत" असं सांगून सही करायची. जबाबदारी बोलावणाऱ्याची, हे त्या सहीने ठरतं.

आधार कार्डाची झेरॉक्स मागू नका. सर्वोच्च न्यायालयाने 26 सप्टेंबर 2018 च्या निकालात खासगी संस्थांना आधारची सक्ती करण्याची वाट बंद केली. 2019 च्या दुरुस्तीनंतरही आधार दाखवणं हे स्वखुशीचं आहे. ओळख पटवायची असेल तर मतदार ओळखपत्र चालेल, रेशनकार्ड चालेल, शेजारच्या फ्लॅटमधल्या काकूंचा शब्दही चालेल. कोणी आधारच दाखवत असेल तर पाहून परत द्या. शेवटचे चारच आकडे दिसतील असं मास्क केलेलं आधारही निघतं, तेवढं पुरे. चौकीच्या उघड्या ड्रॉवरमध्ये तीस-चाळीस गरीब माणसांच्या आधारच्या झेरॉक्स पडून असणं, हीच मुळात धोक्याची गोष्ट आहे. त्या नंबरांवर कोणी काय करेल, याची जबाबदारी सोसायटी घेणार आहे का?

पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी करून घ्यायची असेल तर ज्याने कामावर ठेवलं त्याने ती करावी, खर्चही त्यानेच द्यावा. बाईच्या पगारातून कापू नये.

ओळखपत्र द्यायचं ठरलं तर त्यावर फोटो, पहिलं नाव आणि एक नंबर एवढंच छापा. पूर्ण नाव नोंदवहीत असतंच. आपल्या गावांत आडनाव वाचलं की जात कळते आणि बोलण्याचा सूर बदलतो, हे कबूल केलं पाहिजे. गळ्यात अडकवलेल्या पट्टीवर ते आडनाव ठळक छापून मिरवायला लावण्याची काही गरज नाही. पट्टी गळ्यात घालायची सक्तीही नको; पदराला, पिशवीत, कुठेही असू द्या. कार्डाचा खर्च सोसायटीचा. कार्ड घरी राहिलं म्हणून परत पाठवायचं नाही. चौकीत सगळ्यांच्या फोटोंचा एक कागद कपाटाच्या आतल्या बाजूला लावून ठेवला की चौकीदाराला चेहरा जुळवता येतो. आठवडाभरात त्याला कागदाचीही गरज उरत नाही.

आता बदलीचा प्रश्न. बाई आजारी पडली की तिची जाऊ येते, मुलगी येते. उन्हाळ्याच्या सुट्टीत लहान पोरगं सोबत असतं, कारण घरी सांभाळायला कोणी नसतं. यासाठी नियम सोपा ठेवा: बाईने ज्या घरी काम आहे तिथे फोन करून सांगावं, त्या घरच्यांनी चौकीवर सांगावं, त्या दिवसापुरतं नाव लिहिलं जावं. पोरांची नोंद नको.

इथे आपल्या भागाची एक गोष्ट लक्षात घ्या. पुण्या-मुंबईच्या बाईला घरकामाशिवाय फारसा पर्याय नसतो. आपल्याकडे दिवाळीच्या सुमारास कापूस वेचणी सुरू होते आणि ती किलोवर असते. भंडारा, गोंदिया, गडचिरोलीकडे पाऊस लागला की धानाची रोवणी, उन्हाळ्यात तेंदूपत्ता. त्या दिवसांत बाईला शेतातलं काम बरं वाटलं तर ती जाणारच, आणि जावंही. प्रश्न नंतरचा आहे. वेचणी संपल्यावर ती तुमच्या स्कीममध्ये परत येईल की शेजारच्या, हे पुष्कळदा पगाराइतकंच तिथल्या गेटवर ठरतं. सीझनमध्ये गेलेल्या बाईची नोंद खोडू नका. परत आल्यावर तीच नोंद चालू करा, नव्याने रांगेत उभं करू नका.

काम कायमचं सुटलं की मात्र तिचं पान आणि फोटो काढून फाडून टाका, आणि ते तिला सांगा.

फोन आणि अ‍ॅपच्या भरवशावर गेट चालवू नका

काही स्कीममध्ये गेटचं अ‍ॅप आलं आहे. कोणी आलं की फ्लॅटमालकाच्या मोबाइलवर सूचना, त्याने होकार दिला की प्रवेश. बोलावून आलेल्यांसाठी हे कधीकधी उपयोगी पडतं. रोजच्या माणसांसाठी नाही. कामाला येणाऱ्या कित्येक बायांकडे बटणाचा फोन असतो, त्यातही रिचार्ज संपलेला. त्यांच्याकडून ओटीपीची अपेक्षा करणं चूक आहे. वर राहणाऱ्या म्हाताऱ्यांना अ‍ॅप उघडता येत नाही, नोकरीवर गेलेला मुलगा नागपूरहून होकार देईल तेव्हा देईल. लाइट गेली की वायफाय बंद. म्हणून कागदावर एक ओळ लिहून टाका: फोन उचलला गेला नाही, अ‍ॅप चाललं नाही, तर नोंद झालेल्या माणसाला आत सोडायचं.

अ‍ॅपमध्ये आणखी दोन गोष्टी असू शकतात त्या बंद करायला सांगा. एक, कामवाल्या बायांना तारे देण्याची सोय. एका घरी भांडण झालं की एक तारा पडतो आणि तो सगळ्या स्कीमला दिसतो. त्यावर उत्तर द्यायला त्या बाईला जागाच नसते. दुसरी, गेटवरच्या वेळेवरून हजेरी लावून पगार कापणं. गेट हे हजेरीचं यंत्र नाही. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा 2023 मध्ये झाला आहे. लोकांचे फोटो आणि नंबर गोळा करताना ते कशासाठी घेतो हे सांगणं आणि काम संपल्यावर पुसणं, ही सवय सोसायटीने आताच लावून घ्यावी.

ज्यांना थांबवायचंच नाही

108 ची रुग्णवाहिका, 101 ची अग्निशमन गाडी आणि 112 वर बोलावलेले पोलिस आले की गेट पूर्ण उघडायचं, नोंद नंतर. रात्री गेटला कुलूप लावत असाल तर चावी चौकीदाराकडे असावी, सचिवाच्या घरात नको. गेटसमोर आणि आतल्या वाटेत गाड्या लावून ठेवल्या असतील तर अग्निशमनची गाडी वळत नाही. सुरक्षेचा विचार करणाऱ्यांनी हे आधी पाहावं.

महावितरणच्या माणसाचं ओळखपत्र पाहा आणि सोडा. 2003 च्या वीज कायद्याच्या कलम 163 नुसार, रहिवाशाला कळवून, वाजवी वेळी मीटर आणि लाइन तपासायला त्याला आत येता येतं. अडवलं तर 24 तासांची लेखी नोटीस देऊन पुरवठा तोडण्याचीही तरतूद आहे. जनगणनेच्या प्रगणकाला घरापर्यंत वाजवी प्रवेश देणं 1948 च्या जनगणना कायद्याने बंधनकारक आहे. पोलिओचा डोस पाजणाऱ्या, आशाताई, मतदार यादीचं काम करणाऱ्या बीएलओ या सगळ्या सरकारी कामावर असलेल्या, बहुधा आपल्याच गावातल्या बाया असतात. त्यांना दारोदार जायचं असतं. "पत्रक गेटवर ठेवून जा" म्हटल्याने त्यांचं काम होत नाही.

सिलिंडर गेटवर उतरवून घेऊ नका

घरगुती सिलिंडरमध्ये 14.2 किलो गॅस असतो, लोखंडाचं वजन धरून तो तीस किलोच्या आसपास जातो. काही ठिकाणी सिलिंडरवाल्याला आत सोडत नाहीत, मग तो गेटवर सिलिंडर ठेवून जातो आणि चौकीदार किंवा भांडीवाली बाई तो वर चढवते. ज्यांच्या अंगावर हे काम नाही त्यांच्या अंगावर ते टाकलं जातं. तुमचंही नुकसान होतं: वजन करून घेणं, सील पाहणं, गळती तपासणं हे सगळं दारात व्हायला हवं. डिलिव्हरीचा कोडही तुमच्या मोबाइलवर येतो, तो देणाऱ्याने समोर असावं. म्हणून सिलिंडरवाल्याला लिफ्ट मोकळी ठेवा आणि दारापर्यंत येऊ द्या.

लिफ्टबद्दल स्वच्छ बोललं पाहिजे. "कामवाल्यांनी जिन्याने जावं" अशी पाटी कुठे असेल तर ती आजच काढा. लिफ्टच्या देखभालीचं कारण सांगतात, पण पाहुण्यांच्या पोरांनी लिफ्ट खेळणं केलं तर कोणी पाटी लावत नाही. पाटीमागे शिवाशिवीची भावना असेल तर राज्यघटनेच्या कलम 17 ने अस्पृश्यता संपवली आहे, आणि 1955 चा नागरी हक्क संरक्षण कायदा व 1989 चा अ‍ॅट्रॉसिटी कायदा लागू होऊ शकतो. 1956 साली नागपूरच्या दीक्षाभूमीवर लाखो माणसं ज्या अपमानाला कंटाळून गेली, तो अपमान आपल्या नव्या इमारतींच्या लिफ्टमध्ये परत येता कामा नये.

पार्किंगमधला संडास कामाला येणाऱ्या बायांसाठी उघडा असावा, आतून कडी आणि नळाला पाणी असावं. सकाळी सहाला गावातून निघालेली बाई दुपारी दोनपर्यंत कुठे जाईल, हा प्रश्न सभेत विचारायला पुरुष सभासद लाजतात, महिलांनी विचारावा. होळीपासून पाऊस लागेपर्यंत गेटवर माठ भरलेला असावा, त्याला झाकण आणि ओगराळं असावं.

पिशवी तपासणे, संशय आणि चोरी

जाताना बाईची पिशवी उघडायला लावणं बंद करा. चौकीदाराला कोणाची झडती घेण्याचा अधिकार नाही. पोलिसांनाही बाईची झडती बाईकडूनच, सभ्यता राखून घ्यावी लागते. दिवाळीला तुम्ही दिलेला फराळ, जुनी साडी, पोरांची पुस्तकं घेऊन बाई निघते तेव्हा ती गेटवर उघडून दाखवताना तिला काय वाटत असेल याचा विचार करा. मोठी वस्तू, म्हणजे मिक्सर, टीव्ही, सायकल बाहेर जात असेल तर ज्याने दिली त्याने चौकीवर एक फोन करावा. चिठ्ठी बाईच्या हातात देऊ नका, ती विसरली तर पुन्हा तीच अडकते.

चोरी झालीच तर काय करायचं ते आधीच ठरवून ठेवा, कारण त्या वेळी डोकं ठिकाणावर नसतं. आधी घरात नीट शोधा. मग कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग वेगळं साठवून ठेवा. जुनं रेकॉर्डिंग काही दिवसांनी आपोआप पुसलं जातं. मग पोलिस ठाण्यात तक्रार द्या. बाईला खोलीत बसवून ठेवणं, तिच्या गावी जाऊन घर तपासणं, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तिचा फोटो टाकणं यातलं काहीही करू नका. एखाद्याला बेकायदा अडवणं आणि कोंडून ठेवणं हे भारतीय न्याय संहितेच्या कलम 126 आणि 127 खाली गुन्हे आहेत. डोळ्यांदेखत गंभीर गुन्हा करताना कोणाला पकडलं तरी विनाकारण उशीर न करता, जास्तीत जास्त सहा तासांत पोलिसांच्या ताब्यात द्यावं लागतं. संशय खोटा निघाला तर ज्या ग्रुपवर तो बोलला गेला तिथेच तो मागे घ्या. बाईचं नाव एकदा गेलं की चार स्कीममधलं काम जातं आणि मुलांच्या शाळेची फी थांबते.

चौकीदाराला लेखी आधार द्या

तालुक्याच्या गावात चौकीदार बहुधा दोन प्रकारचे. एक एजन्सीचा, गणवेशातला. दुसरा पार्किंगमधल्या खोलीत बायकोपोरांसह राहणारा. त्याची बायको त्याच स्कीममध्ये चार घरची भांडी करते आणि तो तिच्याच मैत्रिणींना गेटवर अडवतो. दोघांचीही अडचण एकच: सोडलं तर एक सभासद रागावतो, अडवलं तर दुसरा. म्हणून नियम एका पानावर, मोठ्या अक्षरात, चौकीत लावा आणि खाली सचिवाची सही असू द्या. नियमाप्रमाणे सोडलेल्या माणसामुळे काही झालं तर चौकीदाराचा पगार कापला जाणार नाही, हे त्यात लिहा. हे लिहिलं नाही तर बाकीचं सगळं कागदावरच राहील. तो भीतीपोटी सगळ्यांनाच अडवत राहील.

एजन्सी घेताना 2005 च्या खासगी सुरक्षा एजन्सी कायद्याखालचा परवाना पाहा. त्याच्या केंद्रीय नमुना नियमांत गार्डसाठी 100 तासांचं वर्गातलं आणि 60 तासांचं प्रत्यक्ष प्रशिक्षण सांगितलं आहे. ते झालंय का ते विचारा. पोलिसांसारखा दिसणारा गणवेश चालत नाही. गार्डकडे स्वतःचं फोटो ओळखपत्र हवं. आणि बोलण्याची रीत शिकवा: "ए, कुठं चालली?" नाही, "ताई, कोणाकडे?" वडीलधाऱ्या माणसाला मामा, दादा. ही शिकवण सभासदांनाही लागू आहे, कारण चौकीदार आपल्याकडे बघूनच बोलतो.

त्याच्या खुर्चीवर सावली, पंखा, पाणी आणि जेवायला अर्धा तास नसेल तर त्याच्याकडून नम्रपणाची अपेक्षा ठेवू नका.

ठराव कसा करायचा

आधी तुमची इमारत कोणत्या कायद्याखाली आहे ते पाहा. गृहनिर्माण सहकारी संस्था असेल तर 1960 चा महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम लागतो. विदर्भात बऱ्याच स्कीम 1970 च्या अपार्टमेंट ओनरशिप अ‍ॅक्टखाली आहेत. तिथे डीड ऑफ डिक्लेरेशन, म्हणजे इमारतीच्या नोंदणीकृत घोषणापत्रासोबतच्या उपविधींत सभेची रीत दिलेली असते. बिल्डरने इमारतीचा कारभार अजून सोपवलाच नसेल तर त्याला सगळ्यांच्या सहीचं पत्र द्या.

सहकारी संस्थेत वार्षिक सभा 30 सप्टेंबरच्या आत होते. तिच्या विषयपत्रिकेवर हा विषय घालायला सचिवाला लेखी द्या. तेवढं थांबायचं नसेल तर एक पंचमांश सभासदांच्या सहीने विशेष सभा मागता येते आणि ती महिन्याच्या आत बोलवावी लागते. चाळीस फ्लॅटच्या स्कीममध्ये म्हणजे आठ सह्या. सभेआधी दोन-तीन काकूंच्या घरी जाऊन बोला. सगळ्यात जास्त विरोध सहसा ज्यांचं कधी काही चोरीला गेलं आहे त्यांचा असतो, आणि त्यांचं नीट ऐकलं पाहिजे. रात्री दहा ते सकाळी पाच सगळ्यांचीच नोंद होईल, अगदी कारमधल्या पाहुण्यांचीही, असं सांगितलं की त्यांचं पुष्कळ समाधान होतं.

ठरावाचा मसुदा असा करता येईल:

"सोसायटीत नियमित कामाला येणाऱ्या व्यक्तींची नोंद संबंधित सभासदाच्या सहीने एकदाच घेतली जाईल. नोंद झालेल्या व्यक्तीला सकाळी 5 ते रात्री 10 या वेळात गेटवर थांबवले जाणार नाही व फोनवर परवानगी घेतली जाणार नाही. आधारची प्रत घेतली जाणार नाही. पिशवीची तपासणी होणार नाही. लिफ्ट, पिण्याचे पाणी व पार्किंगमधील शौचालय सर्वांसाठी खुले राहील. बोलावलेल्या व्यक्तीची जबाबदारी बोलावणाऱ्या सभासदाची राहील. या नियमांचे पालन करणाऱ्या चौकीदारावर कारवाई होणार नाही."

तीन महिने हे चालवून पाहा आणि मग पुन्हा ती चार रकान्यांची वही काढा. नव्या नोंदी जुन्यांशेजारी ठेवा. कुठे अजून थांबावं लागतं ते दिसेल, तेवढंच दुरुस्त करा.

तुम्ही कामाला जाता आणि गेटवर अडवलं तर

भांडू नका, आणि लगेच परतही फिरू नका. ज्या घरी काम आहे त्यांना फोन लावा. उचलला नाही तर चौकीदाराला दुसऱ्या घरी लावायला सांगा. थांबावं लागलं तर किती वाजता आलात ते घरच्यांना सांगा, म्हणजे उशिराचे पैसे कापले जाणार नाहीत. आधारची झेरॉक्स मागितली तर "दाखवते, पण देणार नाही" एवढं म्हणा. पिशवी उघडायला सांगितली तर घरच्या वहिनींना खाली बोलवा. कोणी हात धरला, कोंडून ठेवलं किंवा जातीवरून बोललं तर 112 वर फोन करा आणि सोबतच्या बायांना साक्षीला ठेवा.

तुमचं वय 18 ते 60 असेल तर 2008 च्या कायद्याने झालेल्या महाराष्ट्र घरेलू कामगार कल्याण मंडळात नाव नोंदवता येतं; जिल्ह्याच्या कामगार कार्यालयात विचारा. त्यासाठी तुम्ही काम करता असं घरमालकाकडून लिहून घ्या. ते कार्ड हाती असलं की गेटवरही ओळख म्हणून दाखवता येतं. एखाद्या सोसायटीत रोजच त्रास होत असेल तर सचिवाच्या नावाने अर्ज द्या, आणि सहकारी संस्था असेल तर त्याची एक प्रत तालुक्याच्या सहायक निबंधक कार्यालयात द्या. लिहिता येत नसेल तर कामाच्या घरी लिहून मागा, खाली सही किंवा अंगठा करा आणि दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घेऊन ती घरी जपून ठेवा.